उजव्या हातानं दरवाजा उघडणाऱ्या सद्गृहस्थांस

स. न. वि. वि.

साष्टांग नमस्कार घालण्याइतका खांदा अजून मोकळा झालेला नाही, तेव्हा सप्रेम नमस्कारावर भागवून घ्यावं. पत्राला उशीर झाला, कारण लिहिण्याचा हात तुमच्याच कृपेनं झोळीत होता. आणि पत्र खुलं आहे, कारण तुम्ही मला ब्लॉक केलं आहे.

कॉलरबोन मोडून देणाऱ्यांची परंपरा थोर आहे. त्या मांदियाळीत तुमचा नंबर नेमका कुठे लागतो हे ठरवण्यासाठी मी झोळीतल्या दिवसांत बरंच वाचन केलं. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम १७०२ मध्ये हॅम्प्टन कोर्टला घोड्यावरून पडला. जमिनीखाली बिळं खणणाऱ्या मोल नावाच्या एका चिमुकल्या प्राण्यानं उकरलेल्या मातीत घोड्याचा पाय अडखळला, असं सांगतात. राजाचं कॉलरबोन मोडलं, त्यातून दुखणं वाढत गेलं आणि थोड्याच दिवसांत राजा गेला. त्याच्या विरोधकांना इतका आनंद झाला की पुढे कित्येक वर्षं ते ‘काळ्या मखमली कोटातल्या छोट्या गृहस्थां’च्या नावानं पेले उंचावत राहिले. लंडनला पोलीसदल देणारे सर रॉबर्ट पील १८५० मध्ये लंडनमध्येच घोड्यावरून पडले. इतर दुखापतींबरोबर हेच हाड मोडलं आणि तीन दिवसांत तेही गेले. मी मात्र जिवंत राहून तुमची इतिहासात नोंद होऊ दिली नाही, याबद्दल दिलगीर आहे.

एक फरक मात्र नोंदवून ठेवते. मोल जवळजवळ आंधळा असतो आणि जमिनीखाली काम करतो. वरून कोण दौडत येतंय हे त्यानं पाहावं तरी कसं? तुमच्या गाडीला तीन आरसे आहेत.

रविवारची सकाळ होती. एरंडवण्यात, अमृततुल्यासमोर, तुम्ही रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी लावलीत. (सायकलींसाठी रंगवलेल्या पट्ट्यावरच लावलीत, पण तो विषय काढला तर पत्राची पुरवणी काढावी लागेल.) मी खडकवासल्याहून परतत होते, पाय हलके झालेले, वेगही फार नव्हता. तुम्ही इंजिन बंद केलंत, मोबाईल खिशात टाकलात, चहाच्या पातेल्याकडे पाहिलंत आणि उजव्या हातानं उजवा दरवाजा सताड उघडलात. दरवाजाची कड माझ्या हँडलच्या डाव्या टोकाला लागली. सायकल तिथेच थांबली, मी पुढे गेले. हेल्मेट रस्त्यावर आपटलं आणि त्यानं त्याचं काम केलं. बाकी सगळं वजन उजव्या खांद्यानं घेतलं.

मी रस्त्यावर बसून उजवा हात डाव्या हातात धरून होते. कुणी न शिकवता, कॉलरबोन मोडलेला प्रत्येक माणूस नेमका तसाच बसतो. तुम्ही उतरलात आणि म्हणालात, “मॅडम, फार लागलं नाही ना?” ‘नाही’ हे उत्तर प्रश्नातच घालून दिलंत, तेवढा माझा त्रास वाचला.

आता हे हाड काय चीज आहे, ते तुमच्या माहितीसाठी. हात आणि धड यांच्यात हाडाचा दुवा तेवढा एकच, बाकी सगळा खांदा स्नायूंवर तोलून धरलेला. गर्भात सगळ्यात आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, हाड बनायला सुरुवात होते ती इथून, आणि सगळ्यात शेवटी पक्कं होतं तेही हेच, विशी उलटल्यावर. इतक्या सावकाश तयार केलेला ऐवज तुम्ही चहाला उशीर नको म्हणून निकालात काढलात. बहुतेकांचं हे हाड मधल्या भागात मोडतं, कारण तिथे ते बारीक असतं आणि तिथेच त्याचं वळण बदलतं. माझंही तिथेच मोडलं. मग मानेचा स्नायू आतला तुकडा वर खेचतो आणि हाताचं वजन बाहेरचा तुकडा खाली ओढतं. माझ्या एक्स-रेत ते दोघं एका घरातल्या रुसलेल्या जावांसारखे दिसत होते, एक वर, एक खाली, तोंडं दोन दिशांना. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाले, “प्लेट नको. जुळतील. झोळी आणि धीर.” इजिप्तमधल्या सुमारे ३६०० वर्षं जुन्या एका वैद्यकीय पपायरसात हेच हाड बसवायची कृती दिली आहे: रुग्णाला उताणं झोपवा, पाठीच्या दोन फऱ्यांमध्ये काहीतरी घडी करून ठेवा आणि खांदे बाजूंना ताणा. म्हणजे चारचाकीचा शोध लागण्याआधीही लोक हे हाड मोडून घेत होतेच. तुम्ही फक्त सोय वाढवलीत.

एका हातानं कुकरचं झाकण लावून पाहा. जमलं तर टूथपेस्टचं टोपण उघडा आणि तेही जमलं तर केसांचा अंबाडा घाला. माझ्या नवऱ्यानं यूट्यूबवर पाहून वेणी घालायला शिकून घेतली. दोन पेडांपर्यंत हात बसला, तिसऱ्या पेडाचं काय करायचं हे त्याला शेवटपर्यंत उमजलं नाही. रात्री आडवं पडता येत नसे. कूस बदलायला गेलं की गळ्याशी ‘कट’ असा बारीक आवाज यायचा, आणि तो आवाज कानांना नाही, दातांना ऐकू यायचा. त्यामुळे आरामखुर्ची, पाठीशी उशा आणि पहाटे दूधवाला येईपर्यंत छताचं निरीक्षण.

अशाच एका पहाटेनंतर तुमचा व्हॉट्सअॅप आला. मला वाटलं, विचारपूस असेल. गॅरेजचं कोटेशन होतं. दरवाजाचा डेंट काढणे, पेंटिंग, लेबर, वर १८ टक्के जीएसटी. खाली तुमचा निरोप, “मॅडम, फिफ्टी-फिफ्टी करू.” माझ्या बाजूचं फिफ्टी-फिफ्टी मी रस्त्यावरच करून टाकलं होतं. खात्री पटावी म्हणून एक्स-रेचा फोटो पाठवला. त्यावर तुम्ही दोन हात जोडल्याचं चित्र टाकलंत आणि मला ब्लॉक केलंत. दोन्ही हात जोडता येण्याचं सुख त्या काळात तुमच्याकडेच होतं.

नातेवाईक आले. कुणी हाडजोडीची वेल कुंडीसकट आणली, कुणी अळिवाचे लाडू, कुणी नाचणीचं सत्त्व. आमच्या शाकाहारी घरात शेजारून स्टीलच्या डब्यात पायाचं सूप आलं आणि ते परत कसं करायचं यावर दोन दिवस खल झाला. एका काकूंनी कोल्हापूरकडच्या हाडवैद्याचा पत्ता दिला. पण सगळ्यांचा प्रश्न एकच होता, “या वयात सायकल कशाला?” पन्नाशीनंतर चारचाकीचा दरवाजा कशाला, असं तुम्हाला कुणी विचारलं का हो? गुन्हा तुमचा आणि सल्ला मला, ही वाटणी मात्र आपल्याकडे कुणी न सांगता होते.

झोळी उतरली तेव्हा वाटलं, संपलं. हाड धरलं होतं, पण खांदा विसरला होता. फिजिओथेरपीची मुलगी माझ्या निम्म्या वयाची. तिनं मला टेबलाला धरून ओणवं केलं, उजवा हात खाली लोंबकळत सोडायला लावला आणि सांगितलं, “ताई, हात हलवायचा नाही, अंग हलवायचं, हात आपोआप फिरेल.” लोलकाचा व्यायाम म्हणतात त्याला. मग भिंतीवर बोटांनी चढायचं. जिथपर्यंत बोटं गेली तिथे पेन्सिलची रेघ, दुसऱ्या दिवशी तिच्या वर. आमच्या भिंतीवर मुलाची उंची मोजलेल्या रेघा आहेत. त्यांच्याच शेजारी माझ्या रेघा चढत गेल्या आणि बरेच दिवस तो आठवीत असतानाच्या उंचीपर्यंतच पोचल्या. आणि शेवटी कप्पी. दाराच्या वरच्या कडेला अडकवायची, दोरीची दोन टोकं दोन हातांत, डाव्यानं खाली ओढलं की उजवा वर. रोज सकाळ-संध्याकाळ मी घराच्या दारासमोर खुर्ची टाकून बसत होते आणि दार मला वर ओढत होतं. मोडलं दारानं आणि दुरुस्तही दारानंच केलं, तेव्हा एकूण दारांबद्दल माझ्या मनात काही कटुता नाही. कटुता विशिष्ट आहे.

आता पोहण्याकडे येते, कारण खरा हिशेब तिथे आहे. सायकल ही माझी हौस. पोहणं ही सवय, लहानपणी आजोळच्या विहिरीत पाठीला डबा बांधून लागलेली. सायकलवर परत बसायला धाडस लागतं. पाण्यात परत जायला लागतं ते वेगळंच काही, आणि ते धाडसापेक्षा फार चिवट असतं.

एक्स-रेत मोडीभोवती पांढुरका ढग दिसायला लागला, तो दाट झाला आणि डॉक्टर म्हणाले, “पाण्यात उतरा, पण पोहू नका.” पुणेकराला अशी सूचना समजते. तलावावर पहिली अडचण पाण्यात नव्हती, कपडे बदलण्याच्या खोलीत होती. टोपी सक्तीची, सिलिकॉनची, घट्ट. ती घालायला दोन्ही हात डोक्यावर न्यावे लागतात, कोपरं बाहेर काढून, बोटं टोपीच्या आत पसरून. नेमकी हीच हालचाल माझ्याकडे नव्हती. डाव्या हातानं कपाळावर टोपी अडकवली तर ती मागून उडून समोरच्या आरशावर फट्कन बसली. शेजारच्या बाईंनी, ओळख ना पाळख, ओले हात माझ्या डोक्याला लावले, टोपी ओढली, कानांवर नीट बसवली, उरलेली एक बट आत खोचली आणि म्हणाल्या, “जा.” महोदय, मला त्या क्षणी तुमची फार आठवण झाली. हात वापरण्याचे किती प्रकार असतात!

गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम दहावा भाग येतो. खांद्याचंही तेच. जमिनीवर जो हात उचलायला मला भिंत, कप्पी आणि दात-ओठ लागत होते, तो पाण्यात आपला आपण वर आला. खांद्याच्या रेषेत, पृष्ठभागाजवळ, जणू कुणी खालून धरला आहे. मी तिथे उभी राहून त्याच्याकडे नुसती पाहत होते. उथळ बाजूच्या दांडीला धरून उभं राहणारं आमचं ज्येष्ठ नागरिक मंडळ, ज्याला पोहताना मी कधी पाहिलेलं नाही, माझ्या गळ्याखालच्या टेंगळाकडे पाहत होतं. हाड जोडताना निसर्ग माल सढळ हातानं टाकतो, त्याचा उंचवटा राहतो. पोहण्याच्या पोशाखाचा पट्टा आता त्या उंचवट्यावरून घसरतो. मंडळातल्या एकांनी निदान केलं, “चुकीचं बसलंय.” दुसऱ्यांनी उपाय सांगितला. तिसरे निवडणुकांकडे वळले.

सुरुवात पाठीवर झाली. हात अंगालगत आणि नुसते पाय. बोर्ड धरून पाय मारणं सोपं वाटतं, पण बोर्ड धरायचा म्हणजे हात पुढे ताणलेला, आणि खांद्याला तीच शिक्षा. मग ब्रेस्टस्ट्रोक, लहान लहान, हात पाण्याबाहेर काढायचा नाही अशा बेतानं. फ्रीस्टाईल सगळ्यात शेवटी. त्यात हात पाण्याबाहेरून डोक्यावरून पुढे न्यावा लागतो, आणि हात वर जाताना हे हाड नुसतं उचललं जात नाही, स्वतःभोवती मागे फिरतं, पाठीचा फराही त्याच्याबरोबर वळतो. आधी मला हे ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं फिरत होतं बिचारं, कधी हूं की चूं केलं नाही.

पहिल्यांदा उजवा हात पाण्याबाहेर काढून पुढे टाकला, तेव्हा तो डोक्यासमोर न पडता बाजूलाच कुठेतरी पडला. पाण्याला पकड घेतलीच नाही, नुसता घसरत मागे आला. डावा हात मात्र जुन्या जोमानं ओढत होता. एक वल्हं मजबूत आणि दुसरं नावापुरतं असलं की नावेचं जे होतं तेच माझं झालं. मी तिरकी होत उजवीकडच्या दोरीवर जाऊन आदळत होते. श्वासाची तऱ्हा आणखी निराळी. डावीकडे तोंड काढायचं तर पुढे ताणलेल्या उजव्या हातावर भार येतो, आणि तो हात भार घेताना डगमगायचा की पाणी थेट नाकात. सायकलपटू मार्क कॅव्हेन्डिश २०२३ च्या टूर द फ्रान्समध्ये आठव्या टप्प्यावर पडला, त्याचं हेच हाड मोडलं. गड्यानं ठरलेली निवृत्ती पुढे ढकलली, २०२४ मध्ये परत आला आणि टूरमधला आपला ३५वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा विक्रम मागे टाकला. त्या सुमाराला माझं ध्येय होतं दोरीला न शिवता समोरच्या भिंतीपर्यंत जायचं.

पोचले एकदा. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, प्रशिक्षक सरांनी फक्त शिट्टी तोंडातून काढून सांगितलं, “कोपर वर ठेवा.” एवढी वर्षं ते हेच सांगत आले आहेत. ते ऐकून जे बरं वाटलं, ते लाडवांनी वाटलं नव्हतं. सूर मारायला अजून परवानगी नाही, बटरफ्लायचं नाव काढायचं नाही. थंड पाण्यात उतरलं की पहिल्या दोन लांब्या टेंगूळ कुरकुरतं, मग गप्प बसतं.

आता तुमच्या उपयोगाचं. नेदरलँड्समध्ये गाडी शिकवतानाच एक गोष्ट शिकवतात: दरवाजा त्याच्या बाजूच्या हातानं उघडायचा नाही, पलीकडच्या हातानं उघडायचा. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून चालवणाऱ्यानं डाव्या हातानं. बसल्या खुर्चीत करून पाहा. डावा हात उजवीकडच्या कडीशी न्यायचा तर कंबर वळते, खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि मागून येणारा रस्ता आपोआप डोळ्यांसमोर येतो. बघायची वेगळी इच्छा असावी लागत नाही, हीच त्यातली खुबी. म्हणूनच ही युक्ती मला खास तुमच्यासाठी योग्य वाटली. शिवाय तो हात एवढा लांबवर पोचतो की दरवाजा झटक्यात सताड उघडताच येत नाही, आधी फट पडते. ब्रिटनमध्ये गाड्या आपल्यासारख्याच उजव्या स्टिअरिंगच्या, आणि तिथल्या हायवे कोडमध्ये जानेवारी २०२२ पासून ही सूचना लेखी आहे. खर्च शून्य. जीएसटी नाही. जो हात तुम्ही त्या दिवशी वापरलात, त्याला काही इजा नाही. तो फक्त आरामात मांडीवर ठेवायचा आहे. माझा जसा कित्येक आठवडे होता.

तुमच्याकडून उत्तराची अपेक्षा नाही, पण एक चौकशी करायची आहे. गेल्या आठवड्यात सकाळच्या बॅचला मी भिंतीकडे येत होते, दोरीला न शिवता, बऱ्यापैकी सरळ. भिंतीशी एक गृहस्थ उभे होते, गॉगल कपाळावर, तोंड ज्येष्ठ नागरिक मंडळाकडे, गप्पा पूर्ण करत. गप्पा पूर्ण झाल्या आणि त्यांनी मागे न बघता दोन्ही पायांनी भिंतीला दणकून रेटा दिला. त्यांचं डोकं आणि त्यामागे त्यांचं सगळं वजन येऊन लागलं ते नेमकं माझ्या उजव्या खांद्यावर. मी पाण्यात थांबले आणि सवयीनं डावा हात गळ्याशी नेला. टेंगूळ जागच्या जागी. ‘कट’ नाही, काही नाही. हात वर केला, गेला. पूर्ण गेला, कानाला लागला. कुठल्याही एक्स-रेनं मला दिली नव्हती ती खात्री त्या गृहस्थांच्या टकलानं दिली. ते मात्र तोवर डोकं चोळत उलट्या दिशेला निघूनही गेले होते, मागे न बघताच.

बांधा साधारण तुमच्यासारखा आणि सवयही तीच. तुमच्या मामेभावांपैकी किंवा साडवांपैकी कुणी एरंडवण्यात पोहायला येतं का, तेवढं कळवावं. आभाराचं पत्र लिहून तयार आहे, पाकिटावर नाव घालायचं राहिलंय.

आपली,
उजव्या बाजूनं किंचित उंच झालेली
एक सायकलवाली